वीतभर आणि चार बोटं

अमेरिका किती लांब आहे हा प्रश्न भूगोलाचा आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. शाळेत भूगोलाशी माझं कधी जमलं नाही. त्यामुळे तो प्रश्न मी वर्गातल्या हुशार मुलांवर सोपवला आणि यथावकाश कॉमर्सला गेलो. कॉमर्सच्या पोराला कोणी पृथ्वीचा आकार विचारत नाही, ताळेबंद विचारतात. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात एवढं कळलं की बी.कॉम. होता येतं; आणि नाही कळलं तरी होता येतं, हे मी स्वानुभवाने सांगतो.

पण पुढे माझा धाकटा भाऊ इंजिनियर झाला आणि रीतीप्रमाणे अमेरिकेला गेला. न्यू जर्सीत एडिसन नावाचं गाव आहे, तिथे तो राहतो. न्यूयॉर्कपासून साधारण तासाभरावर. मी डोंबिवलीला राहतो. मुंबईपासून साधारण तासाभरावर. म्हणजे एकाच आईचे दोन मुलगे, दोघेही महानगरापासून तासाभराच्या अंतरावर स्थायिक झालेले. फक्त महानगरं वेगवेगळी पडली.

धाकटा गेला आणि त्याच्या रिकाम्या कॉटवर 'किती लांब?' हा प्रश्न राहायला आला.

पहिल्यांदा तो बाबांनी विचारला. बाबा रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. ज्या गावाचं नाव टाइमटेबलात नाही ते गाव अस्तित्वातच नाही, अशी त्यांची श्रद्धा. एडिसन तर सोडाच, न्यूयॉर्कसुद्धा मध्य रेल्वेच्या टाइमटेबलात कुठेच नव्हतं. मी त्यांना सांगितलं, "मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साडेबारा हजार किलोमीटर." बाबांनी खिशातली छोटी डायरी काढली, चष्मा वर केला आणि बारीक अक्षरात भागाकार मांडला. मुंबई ते नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर हा आकडा त्यांना पाठ होता. भागाकार संपल्यावर ते आईला म्हणाले, "पंधरा नागपुरं!"

पुढे बाबांनी हे माप कधी बदललं नाही. बाळ पंधरा नागपूर लांब गेला आहे, असं ते भेटेल त्याला सांगत. ऐकणाऱ्याला वाटे, पोराची सारखी बदली होते आहे.

तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की अंतर जरी एकच असलं तरी ते मोजायची मापं माणसागणिक वेगळी असतात. आमच्या तळमजल्यावरचे काका मुलीकडे तीनदा अमेरिकेला जाऊन आले आहेत. त्यांना विचारा, "किती लांब हो?" ते म्हणतील, "पाच सिनेमे. त्यातला एक दोनदा पाहिलेला. दोन जेवणं, एक नाश्ता आणि गुडघे." गुडघे हे माप मला आधी कळलं नव्हतं. समोरची सीट मागे रेलली की काकांचे गुडघे त्यांच्या छातीला लागतात आणि साधारण पंधरा-सोळा तास तिथेच राहतात. आमच्या बँकेतल्या कॅशियरचा जावई तिकडे आहे. कॅशियर अंतर किलोत मोजतो. "दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो, एवढं लांब!" तो काट्याचा आणि नोटांचा माणूस, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आमची ही अंतर मोजतच नाही. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आणि म्हणते, "आत्ता त्यांच्याकडे किती वाजले असतील हो? जाऊबाई झोपल्या असतील." म्हणजे फोन करायला नको. म्हणजे बोलण्यासारखं फारसं काही नाही.

काकांच्या गुडघ्यांची कहाणी मी सहानुभूतीने ऐकतो. पण एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, आपल्या जवळचंच स्टेशन कल्याण. आनंदीबाई जोशी तिथल्या. १८८३ साली, वयाची अठरा वर्षं पुरी झाली न झाली तोच, डॉक्टर व्हायला त्या अमेरिकेला गेल्या. एप्रिलमध्ये कलकत्त्याला बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. नवरा पोस्टात नोकरीला, तो इकडेच. सिनेमा एकही नाही." काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण बोटीत पाय लांब करता येत असतील ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांचंही चूक नाही. माणसाला आपल्या गुडघ्यांपलीकडचा इतिहास दुखत नाही. आणि तसं पाहिलं तर मुंबईहून न्यूयॉर्कला विमानाने जाणं ही काही पूर्वापार चालत आलेली गोष्ट नाही. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा असं थांबत थांबत लंडनला गेलं, तेव्हा तेवढ्याचंही अप्रूप होतं. न्यूयॉर्कची सेवा सुरू व्हायला १९६० चा मे महिना उजाडावा लागला, तीही लंडनमार्गे. मधे कुठेही न टेकता एका दमात न्यूयॉर्क, ही आमच्या पिढीची ऐश. कष्ट म्हणून सांगायला मग गुडघेच उरतात.

राहता राहिलं माझं माप. बँकेतल्या कारकुनाला आकडा मिळाला की तो आपल्या खात्याला लावून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा डोंबिवली ते सी.एस.एम.टी. लोकलमध्ये, एका पायावर उभा असताना (दुसरा पाय कुणाचा तरी होता), मी हिशेब केला. डोंबिवली ते मुंबई ४८ किलोमीटर. जाऊन-येऊन ९६. वर्षाचे दिवस ३६५. त्यातून रविवार वजा, दुसरे आणि चौथे शनिवार वजा, बँकेच्या सुट्ट्या वजा, माझ्या किरकोळ रजा वजा. राहिले साधारण २६०. २६० गुणिले ९६ म्हणजे पंचवीस हजार किलोमीटरच्या जवळपास.

आणि मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन किती? पंचवीस हजार!

मी लोकलमध्ये मोठ्याने "अरे!" म्हणालो. शेजारच्याला वाटलं, त्याने माझ्या पायावर पाय दिला. त्याने माफी मागितली. गेल्या बावीस वर्षांत लोकलमध्ये माझी माफी मागितली गेल्याचा हा एकमेव प्रसंग.

तर वाचकहो, मी दरवर्षी न्यूयॉर्कला जाऊन येतो. एक एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँका बंद असतात, म्हणून दोन तारखेला निघतो. सप्टेंबरअखेर, अर्धवार्षिक क्लोजिंगच्या दिवशी, बरोबर न्यूयॉर्कला पोहोचतो. तिथे सह्या-शिक्के करून दुसऱ्या दिवशी परत फिरतो तो ३१ मार्चला घरी. बावीस वर्षांची नोकरी, बावीस वाऱ्या. फरक एवढाच की धाकट्याला जाऊन-येऊन विमानात तीस तास लागतात, मला लोकलमध्ये सहाशे. आणि त्याला बसायला मिळतं.

हे मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो खूप हसला. मग एकदम म्हणाला, "दादा, मग एवढा येतोस तर घरी का येत नाहीस?" चेष्टाच होती ती. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पासबुकं लावत बसलो.

आता आईचं माप. आई फक्त तास विचारते. किलोमीटर, मैल यांच्याशी तिला कर्तव्य नाही. "किती तास लागतात रे बाळला यायला?" एवढंच. पूर्वी ती हा प्रश्न वर्षा-दोन वर्षांतून एकदा, तो यायचा असला म्हणजे विचारायची. बाबा गेल्यानंतर वरचेवर विचारू लागली. भाजी निवडताना विचारी, रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून विचारी.

मी तिला नेहमी कमीत कमी उत्तर देत आलो. याला बँकेच्या भाषेत 'विंडो ड्रेसिंग' म्हणतात. म्हणजे ताळेबंदाच्या दिवशी दुकानाची दर्शनी बाजू झाडून-पुसून ठेवायची. मुंबई-न्यूयॉर्क अंतर किलोमीटरमध्ये सांगितलं तर साडेबारा हजार, मैलात सांगितलं तर सात हजार आठशे, आणि वैमानिक मोजतात त्या सागरी मैलात सांगितलं तर पावणेसात हजार. मी आईला पावणेसात हजार सांगत असे. कसले ते सांगत नसे. तासांचंही तसंच. "थेट विमानाने चौदा-पंधरा तास," असं मी म्हणे. विमानतळावर तीन तास आधी जायचं असतं, तिथवर पोहोचायला दोन तास लागतात, पासपोर्टची रांग असते, बॅगांचा पट्टा असतो आणि आपली बॅग नेहमी शेवटून दुसरी येते, हे सगळं मी तळटिपेत टाकी. तळटीप आई वाचत नसे.

पण आई फसणारी नव्हती. चाळीस वर्षं तिने बाबांच्या पगारात घर चालवलं होतं.

"परवा तू सोळा म्हणालास."

"ते इकडून जाताना, आई. येताना कमी लागतात."

"असं कसं? रस्ता तोच ना?"

मग मी तिला वारा समजावून सांगितला. त्या उंचीवर, म्हणजे दहा-अकरा किलोमीटर वर, पश्चिमेकडून पूर्वेकडे फार जोराचे वारे वाहतात. अमेरिकेहून इकडे येताना वारा विमानाच्या पाठीशी असतो, म्हणून तास-दीड तास वाचतो. जाताना तोच वारा तोंडावर येतो.

आई म्हणाली, "वारा कशाला हवा त्याला? घराकडे वळवला की बैलसुद्धा जोरात चालतो."

हवामानशास्त्रात या कारणाचा उल्लेख मला अजून आढळलेला नाही.

त्याहून अवघड गेलं घड्याळ समजावणं. धाकटा परत जाताना मुंबईहून रात्री दीडला उडतो आणि सोळा तास प्रवास करून त्याच दिवशी सकाळी आठला तिथे उतरतो. आईने बोटं मोजली. दीड ते आठ, साडेसहा तास. "मग सोळा कुठे गेले?" मी म्हटलं, "सोळातले साडेनऊ तास उधारीवर मिळाले. आपलं घड्याळ त्यांच्यापुढे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. जाताना ते जमा होतात आणि येताना व्याजासकट कापून घेतात. तिकडून मंगळवारी रात्री निघालेला माणूस वाटेत विमान बदलून इथे गुरुवारी सकाळी उतरतो. बुधवार जवळजवळ सगळा आकाशातच जातो."

"बुधवार," आई म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही.

बुधवार हा शब्द मी वापरायला नको होता.

बाबा गेले ते बुधवारी, २०१७ च्या जुलैत. पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी. मी धाकट्याला फोन केला तेव्हा तिकडे मंगळवारची संध्याकाळ होती, पावणेसहा वाजत होते. तो ऑफिसातून नुकताच निघाला होता. त्याच्या तारखेप्रमाणे बाबांना जायला अजून अवकाश होता. हे मला तेव्हा सुचलं नाही, नंतर लोकलमध्ये सुचलं. त्याला रात्री अकराचं विमान मिळालं, मधे एक थांबा घेऊन येणारं. मी कागदावर आकडे मांडले. गुरुवारी सकाळी साडेआठ. एकूण एकोणतीस तास.

घर माणसांनी भरलं होतं. बाहेर पाऊस कोसळत होता. वडीलधारी मंडळी एकेक करून माझ्याकडे येत आणि हळूच विचारत, "मग? काय करायचं?" कुणी म्हणे बर्फ आणता येईल, कुणी म्हणे कशाला, देहाची विटंबना. सगळे शेवटी माझ्या तोंडाकडे बघत. मी थोरला. आयुष्यात मी एवढा मोठा निर्णय कधी घेतला नव्हता. बँकेत मोठी रक्कम पास करायला वर साहेब असतो. इथे साहेबच समोर झोपले होते.

दुपारी पाऊस थांबला. कुणीतरी म्हणालं, "उघडीप आहे तोवर उरकून घ्या." चार वाजता आम्ही निघालो. आईला मी विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही.

आमच्याकडे बँकेत एक 'सस्पेन्स' नावाचं खातं असतं. पैसे आले आहेत किंवा गेले आहेत, पण ते नेमके कुणाच्या नावावर मांडायचे ते कळत नाही, अशी नोंद तात्पुरती त्या खात्यात टाकतात. चार वाजता मी घराबाहेर पडलो तेव्हा धाकटा त्या खात्यात होता. फोन बंद, ना इकडचा ना तिकडचा, आकाशात कुठेतरी. त्याचे वडील आहेत की गेले याची नोंद त्याच्याकडे होती. पण त्यांना पाहायला मिळणार की नाही, ही नोंद व्हायची होती. रात्री साडेनऊला तो मधल्या विमानतळावर उतरला आणि त्याने फोन केला.

"दादा, झालं?"

"हो."

"पाऊस होता?"

"थांबला होता."

एवढंच आमचं बोलणं. गुरुवारी सकाळी तो आला, आईजवळ बसला, पुढचं सगळं त्याने माझ्या बरोबरीने केलं आणि तेराव्यानंतर परत गेला. का थांबला नाहीस, असं त्याने विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. सस्पेन्स खात्यातली नोंद जितकी जुनी होते तितकी ती काढायला अवघड जाते, हे मी बँकेत नव्या पोरांना नेहमी सांगतो.

तर आई 'किती तास?' असं का विचारते हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्यासारखा मी तिला वारा समजावून सांगत होतो.

गेल्या वर्षी माळा आवरताना धाकट्याचा शाळेतला पृथ्वीचा गोल सापडला. फुटभर व्यासाचा, रंग उडालेला, अजूनही त्यावर लेनिनग्राड होतं. आई वाती वळत बसली होती. मी तिच्यासमोर गोल ठेवला आणि म्हटलं, "चल, आज तुला बाळचा रस्ता दाखवतो. दोरा दे."

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबईहून न्यूयॉर्कला पट्टीने रेघ मारली तर ती अरबस्तान, इजिप्त, सहाराचं वाळवंट आणि मग अटलांटिक महासागर, अशी जाते. मीही आजवर तोच रस्ता समजत होतो. पण गोलावर दोरा ताणून धरला की तो त्या वाटेने जातच नाही. तो सरळ उत्तरेकडे सुटतो. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान करत मॉस्कोच्या अगदी डोक्यावरून, मग लेनिनग्राड, म्हणजे आताचं सेंट पीटर्सबर्ग, त्याच्या बाजूने, हेलसिंकीजवळून, आइसलंडला लागून, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाशी वळसा घेऊन कॅनडात शिरतो आणि वरून न्यूयॉर्कला उतरतो. नकाशावर हा रस्ता लांबचा वाटतो. प्रत्यक्षात पट्टीच्या रेघेपेक्षा तो दीड हजार किलोमीटरहून अधिक जवळचा. मुंबईहून दिल्ली गाठूनही थोडं उरेल, एवढी बचत! बी.कॉम.ला हे कुणी शिकवलं असतं तर मी भूगोलाचा एवढा राग धरला नसता.

आईने मुंबईवर दोऱ्याचं टोक अंगठ्याने दाबून धरलं होतं. म्हणाली, "मॉस्कोवरून जातो? तिथे थंडी असते. स्वेटर घालतो का तो?"

मी तिला हेही सांगितलं की दोरा जातो तसं विमान जातंच असं नाही. दोऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही. विमानाला खालच्या प्रत्येक देशाची लागते. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियाने अमेरिकेच्या आणि युरोपातल्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना केलं. असं झालं की विमानं वळसा घालतात, वेळ वाढतो, इंधन वाढतं आणि तिकीटही त्यांच्या मागोमाग वर जातं. देवाने जवळचा रस्ता करून ठेवला आहे, माणसं त्यावर फाटकं बसवतात. बाबा असते तर म्हणाले असते, लेव्हल क्रॉसिंग.

"आता मोज," आई म्हणाली.

मी पट्टी आणायला उठलो. ती म्हणाली, "पट्टी कशाला?" तिने दोरा दोन्ही टोकांना धरून उचलला, मांडीवर सरळ केला आणि त्यावर आपली वीत ठेवली. एक वीत झाली. उरला त्यावर बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार.

"वीतभर आणि चार बोटं," ती म्हणाली. "एवढंच?"

मग दोरा हातात तसाच धरून, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "खरं सांग. दारापासून दारापर्यंत किती तास?"

या वेळी मी तळटिपेसकट सांगितलं. "थेट विमान मिळालं तर तेवीस. नाहीतर अठ्ठावीस ते तीस. तिकीट त्याच दिवशी मिळालं, तर."

आईने मान हलवली. "मला वाटलंच होतं. त्या दिवशी तू केलंस ते बरोबर केलंस. एवढा वेळ नसतं थांबता आलं." मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "आणि माझ्या वेळीही थांबायचं नाही. बर्फावर बिर्फावर मला ठेवायचं नाही. मला पंख्याचा वारा सोसत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"आई, काहीतरीच काय—"

"ऐक. त्याला कळव. म्हणावं, तीस तास धापा टाकत यायचंच आहे तर आत्ता ये. मी दार उघडायला उठते आहे तोवर ये. मग नंतर आलास काय, न आलास काय, मला काही कळायचं नाही."

ते मी त्याला कळवलं. कसं लिहावं ते सुचेना, म्हणून आईचीच वाक्यं लिहिली. बर्फाचंही लिहिलं. त्याचं उत्तर रात्री दोनला आलं. उत्तर म्हणजे तिकिटाचा फोटो होता.

जानेवारीत तो आला. बेल वाजली तेव्हा आई उठली आणि तिनेच दार उघडलं. आम्ही कुणी मधे पडलो नाही. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "किती तास लागले रे?"

"अठ्ठावीस."

"हं," आई माझ्याकडे वळून म्हणाली, "आकडा बरोबर दिला होतास." बावीस वर्षांत बँकेने मला असं सर्टिफिकेट दिलेलं नाही.

पंधरा दिवस तो राहिला. एक दिवस हट्टाने माझ्याबरोबर लोकलने मुंबईला यायला निघाला, म्हणे, "तुझी वारी बघायची आहे." आम्ही दोघे दाराजवळ चेपून उभे होतो. ठाणं गेलं, मुलुंड गेलं. तो घामाघूम झाला होता. एकदम माझ्या कानाशी म्हणाला, "दादा, तेव्हा विमानात मला सारखं एकच वाटत होतं. तिथे सगळं तू एकटा करतो आहेस. मी खुर्चीवर बसलोय आणि लोक मला ज्यूस आणून देताहेत."

सात-आठ वर्षं मी या माणसाला काय उत्तर द्यायचं याची तयारी करत होतो. का थांबलो नाही, पाऊस कसा होता, कोण काय म्हणालं, सगळं तोंडपाठ होतं. आणि त्याने प्रश्न भलताच काढला. मी म्हटलं, "घाटकोपरला गर्दी होईल, आत सरक." तो आत सरकला. पण माझ्या दंडाला त्याने धरलं होतं ते मुंबई येईपर्यंत सोडलं नाही. सस्पेन्स खात्यातली एक जुनी नोंद त्या दिवशी घाटकोपर ते मुंबई या दरम्यान निकालात निघाली. व्हाउचर नाही, सही नाही. ऑडिटरने विचारलं तर मी लोकलचा पास दाखवीन.

त्याच्या जाण्याच्या आदल्या दिवशी नेहमीचा सोहळा झाला. दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. कॅशियरकडून ताणकाटा आणला होता. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, डांगराचं पीठ, लसणीची चटणी. आई एकेक पिशवी काढी, धाकटा वजन वाचे, ही म्हणे "एवढं चालेल," काटा म्हणे चालणार नाही. शेवटी भाजणीची पिशवी राहिली. तिचं तोंड बांधायला काही सापडेना. आईने देवघरातल्या डबीतून एक दोरा काढला आणि पिशवीच्या तोंडाला गुंडाळला. मी ओळखला. आईने तो जपून ठेवला होता.

"पुरेल का?" धाकट्याने विचारलं.

आईने गाठ मारून दाखवली. बरोबर पुरला.

मग आम्ही पुन्हा बॅग काट्याला लावली. तेवीस किलो, अगदी नेमके. दोऱ्याचं वजन काही आलं नाही.